सी ड्राइव्ह एसएसडीवर, बूट फाइल्स मात्र जुन्या हार्ड डिस्कवर: हलवायच्या कशा?

जुनी_डिस्क (प्रश्न)

विंडोज ११ एनव्हीएमई (पीसीआयईवर चालणाऱ्या वेगवान प्रकारच्या) एसएसडीवर आहे. त्याच मशीनमध्ये १ टीबीची जुनी सॅटा हार्ड डिस्क आहे, तिच्यावर पूर्वी विंडोज १० होतं. आता ही डिस्क काढून टाकायची आहे. पण तिची केबल काढली की मशीन सुरू होत नाही, सरळ बायोसमध्ये जाऊन बसतं. केबल परत लावली की सगळं सुरळीत.

डिस्क मॅनेजमेंटमध्ये असं दिसतं:

डिस्क ०: रिकव्हरी ५२९ एमबी, ईएफआय सिस्टिम पार्टिशन १०० एमबी, डी: ९३० जीबी
डिस्क १: सी: ४६५ जीबी (बूट, पेज फाइल, क्रॅश डम्प)

म्हणजे विंडोज एसएसडीवर आणि ते सुरू करून देणाऱ्या फाइल्स हार्ड डिस्कवर, असा अर्थ मी लावलाय. त्या १०० एमबीमधल्या फाइल्स सी वर कॉपी करून भागेल का? की क्लोनिंगचं सॉफ्टवेअर लागेल? विंडोज नव्याने टाकणं शक्यतो टाळायचंय. जाणकारांनी पायऱ्या सांगाव्यात.

---

खटपट्या

अर्थ बरोबर लावलात. नव्याने टाकायची गरज नाही आणि क्लोनिंगचीही नाही. एसएसडीवर एक छोटं ईएफआय पार्टिशन बनवायचं आणि त्यात विंडोजकडूनच ताज्या बूट फाइल्स लिहून घ्यायच्या. त्यासाठीचं बीसीडीबूट हे टूल विंडोजमध्ये असतंच.

विंडोज टाकताना आधीचं ईएफआय पार्टिशन असलेली दुसरी डिस्क जोडलेली असेल, तर सेटअप बहुतेक वेळा तेच पार्टिशन वापरतो, नवं बनवत नाही. तुमच्याकडे तेच झालंय.

हात लावण्याआधी चार गोष्टी तपासा. कमांड मी उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहितोय, टाइप करताना अक्षरं आणि आकडे रोमनमध्येच टाका. कमांड प्रॉम्प्ट उघडताना राइट क्लिक करून "रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर" घ्या, साध्या खिडकीत यातलं बरंच काही चालत नाही.

पहिली गोष्ट, एमएसइन्फो३२ चालवा आणि "बायोस मोड"समोर काय लिहिलंय ते बघा. तिथे यूईएफआय (मशीन सुरू करण्याची नवी पद्धत) असेल तरच खालची कृती लागू. लेगसी (जुनी पद्धत) असेल तर थांबा, तो मार्ग वेगळा आहे.

दुसरी, डिस्कपार्ट उघडून "लिस्ट डिस्क" द्या. उजवीकडच्या जीपीटी (पार्टिशनची यादी ठेवण्याची नवी पद्धत) रकान्यात डिस्क १ समोर तारा हवा.

तिसरी, बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्क एन्क्रिप्शन. "मला माहीत नाही" म्हणजे "नाही" असं धरू नका. बऱ्याच लॅपटॉपवर होम आवृत्तीतही डिव्हाइस एन्क्रिप्शन आपोआप चालू झालेलं असतं.

मॅनेज-बीडीई -स्टेटस सी:

प्रोटेक्शन ऑन दिसलं तर आधी रिकव्हरी की कागदावर उतरवा, मग संरक्षण तात्पुरतं थांबवा:

मॅनेज-बीडीई -प्रोटेक्टर्स -गेट सी:
मॅनेज-बीडीई -प्रोटेक्टर्स -डिसेबल सी: -आरसी ०

शेवटचं शून्य म्हणजे कितीही वेळा रीस्टार्ट झालं तरी आपण चालू करेपर्यंत बंदच. यात डिस्क डिक्रिप्ट होत नाही, त्यामुळे वेळ लागत नाही. हे न करता बूटचा मार्ग बदलला, तर टीपीएमला (की सांभाळणाऱ्या सुरक्षा चिपला) बदल कळतो आणि पुढच्या वेळी निळ्या पडद्यावर ४८ अंकी की मागितली जाते.

चौथी, रिकव्हरी एन्व्हायर्नमेंट (विनआरई, विंडोज बिघडल्यावर दुरुस्तीसाठी उघडणारी व्यवस्था) कुठे आहे ते:

रीएजंटसी /इन्फो

उत्तरात "हार्डडिस्क०" आलं तर तेही जुन्या डिस्कवरच राहतंय. तसं असेल तर आत्ताच "रीएजंटसी /डिसेबल" द्या. त्याने विनआरईची इमेज सी मधल्या विंडोज\सिस्टम३२\रिकव्हरी फोल्डरमध्ये परत येते. नंतर ती पुन्हा चालू करू.

आता मुख्य काम. डिस्कपार्टमध्ये:

लिस्ट व्हॉल्यूम
सिलेक्ट व्हॉल्यूम सी
श्रिंक डिझायर्ड=३०१ मिनिमम=३०१
सिलेक्ट डिस्क १
क्रिएट पार्टिशन ईएफआय साइझ=३००
फॉरमॅट क्विक एफएस=एफएटी३२ लेबल=ईएसपी
असाइन लेटर=झेड
लिस्ट व्हॉल्यूम
एक्झिट

"श्रिंक" देण्याआधी आणि "फॉरमॅट" देण्याआधी "लिस्ट पार्टिशन" देऊन तारा नेमका कुठे आहे ते बघा. डिस्कपार्ट "नक्की का?" असं कधीच विचारत नाही. "क्रिएट" केल्यावर नवं पार्टिशन आपोआप निवडलेलं असतं, म्हणून फॉरमॅट त्यालाच लागतो. मध्ये दुसरं काही सिलेक्ट केलंत तर फॉरमॅट तिकडे जाईल.

१०० ऐवजी ३०० एमबी अशासाठी, की ४ केबी सेक्टरच्या डिस्कवर एफएटी३२ चं पार्टिशन साधारण २६० एमबीपेक्षा लहान बनतच नाही. ५१२ बाइटच्या सेक्टरला १०० पुरतात, पण कधी फर्मवेअर अपडेट किंवा दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम तिथे आली तर १०० ची अडचण होते. वरचा १ एमबी अलाइनमेंटसाठी. झेड हे अक्षर नेटवर्क ड्राइव्हला दिलेलं असेल तर दुसरं कुठलंही मोकळं घ्या.

मग डिस्कपार्टच्या बाहेर:

बीसीडीबूट सी:\विंडोज /एस झेड: /एफ यूईएफआय

"बूट फाइल्स सक्सेसफुली क्रिएटेड" असा संदेश आला की लिहायचं काम झालं. जुनं पार्टिशन अजून जसंच्या तसं आहे, त्याला एवढ्यात हात लावायचा नाही. काही बिघडलं तर हार्ड डिस्कची केबल लावून पूर्वीसारखं सुरू करता येतं.

तपासणीची एकच पद्धत विश्वासाची: जुनी डिस्क काढून सुरू करून बघणं. त्याआधी मशीन पूर्ण बंद करा:

शटडाउन /एस /टी ०

स्टार्ट मेन्यूतून बंद केलं आणि फास्ट स्टार्टअप चालू असेल तर कर्नल हायबरनेट होतो आणि डी ड्राइव्ह त्याच्या लेखी जोडलेलाच राहतो. अशा अवस्थेत डिस्क उपटणं बरं नाही. वरच्या कमांडने पूर्ण शटडाउन होतो. मग वीज तोडून हार्ड डिस्कची डेटा आणि पॉवर अशा दोन्ही केबल काढा आणि सुरू करा.

---

फर्मवेअर_फडणीस

खटपट्या यांच्या कृतीत चूक नाही, पण तिच्याही आधीचा एक प्रश्न राहिला: तुमचा मदरबोर्ड एनव्हीएमईवरून बूट करू शकतो का?

विंडोज सुरू झाल्यावर एनव्हीएमई दिसतं ते विंडोजच्या ड्रायव्हरमुळे. बूटच्या पहिल्या टप्प्यात मात्र फर्मवेअरकडे (बोर्डवरच्या बायोसकडे) स्वतःचा एनव्हीएमई ड्रायव्हर लागतो. जुन्या बोर्डांत तो नसतो. पीसीआयई अ‍ॅडॉप्टर कार्डवर एसएसडी लावलेली असेल तर संशय जास्तच घ्यावा. अशा मशीनवर ईएफआय पार्टिशन हार्ड डिस्कवर असणं हा अपघात नसतो, तिथे वेगळा बूटलोडर बसवून मशीन सुरू करण्याचा तोच एक मार्ग असतो.

पण हेही लक्षात घ्या की फर्मवेअरला एनव्हीएमई कळत नसेल तर बूटलोडर हार्ड डिस्कवर असूनही पुढे अडतो, कारण विंडोजचा कर्नल वाचेपर्यंत बूटलोडर फर्मवेअरच्याच ड्रायव्हरवर अवलंबून असतो. तुमचं मशीन आज चालतंय, म्हणजे एक तर फर्मवेअरमध्ये ड्रायव्हर आहे किंवा कुणीतरी मध्ये वेगळा बूटलोडर बसवून तो पुरवलाय. दुसरी शक्यता फक्त पूर्वी कुणी खास खटाटोप केलेल्या मशीनवर असते. बायोसच्या स्टोरेज पानावर एसएसडीचं मॉडेल नावासकट दिसत असेल तर निर्धास्त पुढे जा. बूट यादीत मात्र ती अजून दिसणार नाही, कारण तिच्यावर बूट करण्याजोगं काहीच नाही. ते न दिसल्यामुळे घाबरू नका.

आता "फाइल्स कॉपी करून भागेल का" याबद्दल. ईएफआय\मायक्रोसॉफ्ट\बूट या फोल्डरमध्ये बीसीडी नावाची फाइल असते. दिसायला ती साधी फाइल, पण आत रजिस्ट्रीचा हाइव्ह (विंडोजच्या सेटिंगचा साठा) असतो. कोणत्या डिस्कच्या कोणत्या पार्टिशनवर बूट मॅनेजर आहे आणि कोणत्यावर विंडोज, हे तिच्यात ड्राइव्हच्या अक्षराने लिहिलेलं नसतं, डिस्कच्या आणि पार्टिशनच्या ओळख क्रमांकांनी लिहिलेलं असतं. नुसती कॉपी केली तर नव्या जागेतल्या फाइलमध्येही पत्ता जुन्या डिस्कचाच राहतो. कधी ते तरीही चालून जातं, कधी डिस्क काढल्यावर सी००००००ई ने संपणारी चूक येते. बीसीडीबूट हे कॉपीच्या भानगडीत पडत नाही: विंडोज\बूट फोल्डरमधून बूट मॅनेजरच्या फाइल्स घेतो, सिस्टम३२\कॉन्फिग मधल्या बीसीडी-टेम्प्लेटवरून नवी बीसीडी बनवतो आणि तिच्यात आजचे पत्ते भरतो.

त्याचा एक तोटाही आहे. जुन्या बीसीडीमध्ये हाताने केलेले बदल नव्या फाइलमध्ये येतीलच असं नाही: दुसऱ्या विंडोजची नोंद, मेन्यूचा वेळ, टेस्ट साइनिंग, हायपरव्हायजरची सेटिंग. म्हणून आधी एक प्रत काढून ठेवा:

बीसीडीएडिट /इनम ऑल > सी:\जुनीबीसीडी.टीएक्सटी

काम झाल्यावर वर्च्युअल मशीन किंवा डब्ल्यूएसएल २ (विंडोजमध्ये चालणारं लिनक्स) सुरू होईना, तर या यादीत "हायपरव्हायजरलाँचटाइप" समोर काय होतं ते बघून तेच परत द्यायचं:

बीसीडीएडिट /सेट हायपरव्हायजरलाँचटाइप ऑटो

---

जुनी_डिस्क

दोघांचेही आभार. तपासणी केली:

बायोस मोड यूईएफआय. दोन्ही डिस्क जीपीटी. बायोसच्या स्टोरेज पानावर एसएसडी दिसते. बिटलॉकर बंद, "फुली डिक्रिप्टेड". रीएजंटसीच्या उत्तरात हार्डडिस्क० पार्टिशन१ आलं, म्हणून डिसेबल करून घेतलं.

एसएसडीवर लिस्ट पार्टिशन दिल्यावर दोन ओळी आल्या: पार्टिशन १ रिझर्व्हड १६ एमबी, पार्टिशन २ प्रायमरी ४६५ जीबी. ईएफआय पार्टिशन डिस्कच्या सुरुवातीलाच लागतं असं वाचलंय. श्रिंक केल्यावर जागा शेवटी मोकळी होणार. चालेल का?

श्रिंक आणि फॉरमॅट उद्या करावं म्हणतो, की सगळं एका बैठकीत केलेलं बरं?

---

खटपट्या

जागा शेवटी असली तरी चालते. जीपीटीमध्ये फर्मवेअर पार्टिशनचा प्रकार बघतो, ते कुठे आहे ते बघत नाही. सुरुवातीला ठेवण्याची शिफारस नव्याने टाकताना सोयीची असते एवढंच. ती १६ एमबीची रिझर्व्हड पट्टी विंडोजची आहे, तिच्यात बूटचं काही नसतं. ती पुसून जागा मिळवायच्या फंदात पडू नका.

श्रिंक अडलं तर कारण बहुधा एकच: व्हॉल्यूमच्या शेवटाकडे न हलणारी फाइल. हायबरनेशनची फाइल "पॉवरसीएफजी /एच ऑफ" ने जाते, पेज फाइल सेटिंगमधून तात्पुरती बंद करून रीस्टार्ट करता येते, सिस्टम रिस्टोअरचे जुने पॉइंट पुसता येतात. ३०० एमबीसाठी सहसा यातलं काही लागत नाही.

एका बैठकीतच करा. का ते पुढच्या वेळी अक्षर गायब झालं की कळेल. ईएफआय पार्टिशनला डिस्कपार्टने दिलेलं अक्षर रीस्टार्टनंतर टिकत नाही.

---

लेगसीकर

धागा थोडा वळवतोय. माझ्याकडेही असाच घोळ, पण विंडोज १०, बायोस मोड लेगसी, दोन्ही डिस्क एमबीआर (जीपीटीच्या आधीची पार्टिशन पद्धत). सॅटा एसएसडीवर फक्त सी, आणि "सिस्टिम रिझर्व्हड" ५०० एमबी हार्ड डिस्कवर. एमबीआर२जीपीटी (एमबीआर डिस्क जीपीटी करणारं विंडोजचं टूल) चालवून थेट यूईएफआयवर जावं म्हटलं, तर व्हॅलिडेट करतानाच नापास. काय चुकतंय?

---

फर्मवेअर_फडणीस

क्रम चुकतोय. एमबीआर२जीपीटी ज्या डिस्कवर चालवायचं त्याच डिस्कवर अ‍ॅक्टिव्ह सिस्टिम पार्टिशन आणि विंडोजकडे बोट दाखवणारी बीसीडी दोन्ही असावी लागतात. तुमच्या एसएसडीवर विंडोज आहे, बूट नाही. म्हणून ते टूल डिस्क नाकारतं. आधी बूट फाइल्स लेगसी पद्धतीनेच एसएसडीवर आणा, त्यावरून सुरू करून बघा, जीपीटी त्यानंतर.

लेगसीत वेगळं पार्टिशन बनवलंच पाहिजे असं नाही, सी वरच फाइल्स राहू शकतात:

बीसीडीबूट सी:\विंडोज /एस सी: /एफ बायोस

मग डिस्कपार्टमध्ये एसएसडी निवडा, सी चं पार्टिशन निवडा आणि "अ‍ॅक्टिव्ह" द्या. इथे सर्वांत जास्त चुका होतात. एका डिस्कवर एकच पार्टिशन अ‍ॅक्टिव्ह असतं, आणि ज्याच्यात बूटएमजीआर फाइल नाही असं पार्टिशन अ‍ॅक्टिव्ह केलं की पुढच्या वेळी काळ्या पडद्यावर "बूटएमजीआर इज मिसिंग" एवढंच येतं. हार्ड डिस्कवरचं अ‍ॅक्टिव्ह पार्टिशन तसंच राहू द्या, त्याने काही बिघडत नाही.

एसएसडीच्या पहिल्या सेक्टरमध्ये बूट कोड नसेल तर तोही लिहावा लागतो. विंडोजच्या इन्स्टॉल यूएसबीवर बूट फोल्डरमध्ये बूटसेक्ट असतं:

बूटसेक्ट /एनटी६० सी: /एमबीआर

यूएसबीवरून सुरू करून चालवत असाल तर अक्षरं बदललेली असू शकतात, तुमचं सी तिथे डी असेल. आधी "डीआयआर डी:\" देऊन विंडोज फोल्डर दिसतो का बघा.

नंतर बायोसमध्ये बूट क्रमात एसएसडी वर घ्या, हार्ड डिस्क काढा, सुरू होतंय का बघा. झालं, की मग:

एमबीआर२जीपीटी /व्हॅलिडेट /डिस्क:० /अलाउफुलओएस
एमबीआर२जीपीटी /कन्व्हर्ट /डिस्क:० /अलाउफुलओएस

डिस्क क्रमांक स्वतः "लिस्ट डिस्क"मधून बघून टाका, हार्ड डिस्क काढल्यावर तो बदललेला असू शकतो. हे टूल विंडोज १० च्या १७०३ आवृत्तीपासून मिळतं. डिस्कवर तीनपेक्षा जास्त प्रायमरी पार्टिशन नकोत, एक्स्टेंडेड आणि लॉजिकल तर अजिबात नकोत. रूपांतर झाल्यावर लगेच बायोसमध्ये लेगसी किंवा सीएसएम (जुनी पद्धत चालू ठेवणारी सेटिंग) बंद करून यूईएफआय चालू करायचं, नाहीतर मशीन सुरू होणार नाही. ईएफआय पार्टिशन ते टूल स्वतःच बनवतं.

जीपीटीवर न जाता लेगसीतच राहायचं असेल आणि पुढे बिटलॉकर हवं असेल, तर मात्र बूट फाइल्स सी वर ठेवू नका. बिटलॉकरला एन्क्रिप्ट न केलेलं वेगळं सिस्टिम पार्टिशन लागतं. तेव्हा एसएसडीवर ५०० एमबीचं प्रायमरी एनटीएफएस पार्टिशन बनवून ते अ‍ॅक्टिव्ह करा आणि बीसीडीबूटमध्ये त्याचं अक्षर द्या.

---

जुनी_डिस्क

अडलो. पार्टिशन बनलं, फॉरमॅटही शंभर टक्के झालं. मध्ये विंडोजच्या अपडेटने रीस्टार्ट मागितला, तो दिला. आता बीसीडीबूट दिल्यावर "फेल्युअर व्हेन अटेम्प्टिंग टू कॉपी बूट फाइल्स" येतंय.

---

खटपट्या

रीस्टार्टमध्ये झेड गेलं. डिस्कपार्टमध्ये "लिस्ट व्हॉल्यूम" देऊन ३०० एमबीचं ईएसपी नावाचं व्हॉल्यूम शोधा, निवडा, "असाइन लेटर=झेड" द्या आणि बीसीडीबूट परत चालवा. "माउंटव्हॉल झेड: /एस" हा सोपा मार्ग इथे वापरू नका. ती कमांड मशीन ज्या पार्टिशनवरून सुरू झालंय ते जोडते, म्हणजे तुमच्या बाबतीत हार्ड डिस्कवरचं जुनं.

अक्षर असूनही हीच चूक येत राहिली तर फाइल सिस्टिम बघा. एफएटी३२ च्या ऐवजी एनटीएफएस झालेलं असणं, कमांड प्रॉम्प्ट अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचा नसणं आणि पार्टिशन भरलेलं असणं ही उरलेली नेहमीची कारणं.

लिहून झाल्यावर खात्री करायला:

डीआयआर झेड:\ईएफआय\मायक्रोसॉफ्ट\बूट /ए
डीआयआर झेड:\ईएफआय\बूट /ए

पहिल्यात बूटएमजीएफडब्ल्यू.ईएफआय आणि बीसीडी, दुसऱ्यात बूटएक्स६४.ईएफआय दिसली पाहिजे. एक्सप्लोररमधून झेड उघडायला गेलात तर परवानगी नाही म्हणेल, ते अपेक्षितच आहे.

---

फर्मवेअर_फडणीस

ती दुसरी फाइल महत्त्वाची आहे, आणि ती का ते माहीत असलेलं बरं. बीसीडीबूटला "/एस" देऊन पार्टिशन सांगितलं की मायक्रोसॉफ्टच्या कागदपत्रांनुसार तो बोर्डच्या एनव्हीरॅममध्ये (बूटच्या नोंदी जपणाऱ्या मेमरीत) "विंडोज बूट मॅनेजर"ची नोंद करत नाही. मग पहिल्या वेळी फर्मवेअर ईएफआय\बूट\बूटएक्स६४.ईएफआय या ठरलेल्या जागी बघतं आणि तिथून सुरू होतं. बहुतेक बोर्ड हे बिनबोभाट करतात. काही अडतात. अडलं तर बूट मेन्यूची कळ दाबून (बोर्डनुसार एफ८, एफ११, एफ१२) यादीतून एसएसडी निवडा.

एकदा जुनी डिस्क नसताना विंडोज सुरू झालं, की लगेच "/एस" न देता तीच कमांड पुन्हा:

बीसीडीबूट सी:\विंडोज

आता मशीनला एकच ईएफआय पार्टिशन दिसतंय, त्यामुळे फाइल्स तिथेच लिहिल्या जातात आणि एनव्हीरॅममधली नोंदही होते. ही पायरी लोक गाळतात. मग महिन्याभराने बायोस अपडेट केलं किंवा दुसरी डिस्क लावली की बूट क्रम बदलतो आणि मशीन भलतीकडे जातं.

---

पेंग्विनपंथी

धागा वाचणाऱ्यांपैकी कुणाचं ड्युअल बूट असेल तर एवढं जोडतो. बीसीडीबूट फक्त विंडोजच्या फाइल्स लिहितो. जुन्या पार्टिशनमधला ईएफआय\उबुंटू फोल्डर मागेच राहतो.

हार्ड डिस्क काढायच्या आधी लिनक्समध्ये जा आणि /बूट/ईएफआय वर नवं पार्टिशन जोडा. "सुडो ब्लकआयडी"ने नव्या पार्टिशनचा यूयूआयडी (ओळख क्रमांक) बघा. एफएटीचा यूयूआयडी चार-चार अक्षरांच्या दोन गटांचा छोटा असतो, मध्ये आडवी रेघ. /ईटीसी/एफएसटॅबमधल्या (सुरू होताना कोणतं पार्टिशन कुठे जोडायचं त्या यादीतल्या) /बूट/ईएफआयच्या ओळीत जुन्याच्या जागी तो टाका. मग:

सुडो यूमाउंट /बूट/ईएफआय
सुडो माउंट /बूट/ईएफआय
सुडो ग्रब-इन्स्टॉल
सुडो अपडेट-ग्रब
सुडो ईएफआयबूटएमजीआर -व्ही

शेवटच्या कमांडच्या उत्तरात उबुंटूच्या ओळीत नव्या पार्टिशनचा ओळख क्रमांक आलाय का बघा. एफएसटॅब बदलायला विसरलात तर ग्रब (लिनक्सचा बूटलोडर) दिसेल, कर्नल चढेल आणि मग डिस्कची वाट बघत दीडेक मिनिट थांबून इमर्जन्सी मोडमध्ये पडाल. ग्रब बिघडलं असं वाटून लोक ग्रबच पुन्हा पुन्हा बसवत बसतात, खरा दोष त्या एका ओळीत असतो.

ज्यांच्याकडे ग्रबऐवजी सिस्टमडी-बूट आहे त्यांचे कर्नलही ईएफआय पार्टिशनमध्येच राहतात. त्यांनी ३०० एमबीवर समाधान मानू नये, १ जीबी घ्यावी.

---

जुनी_डिस्क

झालं! अक्षर परत दिल्यावर बीसीडीबूट चाललं. हार्ड डिस्क काढून मशीन सुरू झालं, "/एस" शिवायची कमांडही दिली. रीएजंटसी /एनेबल दिलं, इन्फोमध्ये आता सी चं पार्टिशन दिसतंय.

पण डेटा उतरवून घ्यायला हार्ड डिस्क काही दिवस परत लावलीये, तर बायोसमध्ये "विंडोज बूट मॅनेजर" दोनदा दिसतंय. आणि डिस्क मॅनेजमेंटमध्ये जुन्या १०० एमबीवर राइट क्लिक केलं तर डिलीट करडं आहे.

---

खटपट्या

दोन नोंदी म्हणजे दोन डिस्कवरच्या दोन बूट मॅनेजरच्या. बहुतेक बोर्ड कंसात डिस्कचं मॉडेल दाखवतात, त्यावरून एसएसडीची नोंद वर घ्या. दोन्ही नोंदी एकाच सी वरचं विंडोज सुरू करतात, त्यामुळे चुकीची वर असली तरी लक्षात येत नाही. तेवढ्यासाठी एकदा खात्री करा. मशीन सुरू झाल्यावर आता "माउंटव्हॉल झेड: /एस" द्यायला हरकत नाही. मग एक्सप्लोररमध्ये झेडचा आकार बघा: ३०० एमबीच्या आसपास असेल तर एसएसडीवरून सुरू झालंय, १०० च्या आसपास असेल तर अजून जुन्यावरूनच. बघून झाल्यावर "माउंटव्हॉल झेड: /डी" ने अक्षर काढून टाका.

३०० ची खात्री पटली की जुनं पार्टिशन पुसा. डिस्क मॅनेजमेंट ईएफआय पार्टिशन पुसू देत नाही, डिस्कपार्ट देतं:

सिलेक्ट डिस्क ०
लिस्ट पार्टिशन
सिलेक्ट पार्टिशन २
डिलीट पार्टिशन ओव्हरराइड

डिस्क ० म्हणजे हार्ड डिस्कच आहे ना, हे आकारावरून बघा. डिस्क परत लावल्यावर क्रमांक बदललेले असू शकतात, आणि आता एसएसडीवरही एक ईएफआय पार्टिशन आहे. पुसायचं ते १०० एमबीचं. रिकव्हरीचं ५२९ एमबीही असंच जाईल, विनआरई आता सी वर आल्यामुळे त्याचा उपयोग उरलेला नाही. "क्लीन" ही कमांड या धाग्यात कुणी सुचवली तर ऐकू नका, ती अख्ख्या डिस्कचा पार्टिशन टेबल उडवते आणि तुमचा डेटा अजून डी वर आहे.

एनव्हीरॅममधली शिळी नोंद बरेच बोर्ड स्वतःच काढतात. राहिलीच तर "बीसीडीएडिट /इनम फर्मवेअर" मध्ये तिचा महिरपी कंसातला क्रमांक बघून "बीसीडीएडिट /डिलीट" पुढे तो द्या. कंसात क्रमांकाऐवजी "बूटएमजीआर" असलेली नोंद चालू विंडोजची असते, तिला हात नको.

---

जुनी_डिस्क

झेड २९६ एमबी दाखवतोय, म्हणजे एसएसडीच. जुनी दोन्ही पार्टिशन पुसली. आता डी च्या अलीकडे ६०० एमबीच्या वर जागा मोकळी दिसते. ती डी मध्ये मिळवायला गेलो तर एक्स्टेंड करडं.

---

फर्मवेअर_फडणीस

विंडोज व्हॉल्यूम फक्त उजवीकडे वाढवतं, लगतची जागा मोकळी असेल तर. तुमची जागा डावीकडे आहे. पार्टिशन डावीकडे सरकवणारी टूल्स मिळतात, पण त्यांना डी वरचा सगळा डेटा पुढून मागे उचलून ठेवावा लागतो. हार्ड डिस्कवर त्याला काही तास लागतात आणि मध्ये वीज गेली तर व्हॉल्यूम अर्धवट राहतं. डिस्क काढणारच आहात ना? मग डेटा उतरवून घ्या आणि त्या ६०० एमबीकडे बघूही नका.